रंगाचा फिल्टर गेला, जातीचा राहिला : डेटिंग ॲप निवडताना आपली बाजू कोणती?

२०२० च्या जून महिन्यात शादी डॉट कॉमने आपल्या साइटवरचा त्वचेच्या रंगाचा फिल्टर काढून टाकला. अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइड यांच्या हत्येनंतर वर्णद्वेषाविरुद्ध रस्ते पेटले होते. तिथे राहणाऱ्या भारतीय वंशाच्या बायकांनी ऑनलाइन याचिका काढली, की गोरी, गव्हाळ, सावळी असं निवडायला लावणारा हा पर्याय बंद करा. थोड्याच दिवसांत तो बंद झाला. त्याच महिन्यात ग्राइंडर या समलिंगी पुरुषांच्या ॲपनेही वंशाचा फिल्टर काढत असल्याचं जाहीर केलं. चांगलं झालं. पण जातीचा रकाना जिथल्या तिथे राहिला. रंगावरून माणूस गाळणं ही लाजेची गोष्ट ठरली, आणि जातीवरून गाळणं ही ग्राहकाची सोय. त्याला नाव काय दिलंय? 'कम्युनिटी'.

आम्ही हा लेख लिहितोय तो याच 'सोयी'बद्दल. आंबेडकरी चळवळीत शिष्यवृत्तीवर बोलतात, आरक्षणावर बोलतात, ॲट्रॉसिटीवर बोलतात. बोललंच पाहिजे. पण आपली वीस-पंचवीस वर्षांची मुलं-मुली रात्री अकरा वाजता मोबाइलवर काय शोधतायत, तिथे त्यांना काय ऐकून घ्यावं लागतंय, यावर कुणी बोलत नाही. बोललंच तर दोन प्रकारे. एक, ज्येष्ठ कार्यकर्ते म्हणतात, "हे चाळे सोडा, आधी अभ्यास करा, चळवळ करा." दोन, शहरातले पुरोगामी सवर्ण मित्र म्हणतात, "अरे, डेटिंग ॲपवर कोण जात बघतं?" आम्हाला ही दोन्ही उत्तरं मान्य नाहीत. जोडीदार कुणी, कसा, कुठून निवडायचा हा जातिअंताच्या लढ्याचा गाभ्यातला प्रश्न आहे. तो मोबाइलवर आला म्हणून फालतू होत नाही, आणि मोबाइलवर आला म्हणून सुटतही नाही.

'माझी आवड' कुणी घडवली?

बाबासाहेबांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात जातीवर निबंध वाचला तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते. म्हणजे आज जी पोरं ॲपवर प्रोफाइल बनवतात त्यांच्याच वयाचे. त्या निबंधाचा मुख्य मुद्दा असा होता, की जातीचं मूळ लक्षण म्हणजे जातीतल्या जातीत लग्न. शिवाशिव, व्यवसाय, खाणंपिणं हे सगळं त्याच्या भोवती उभं राहतं. वीस वर्षांनी, १९३६ मध्ये, लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी तयार केलेल्या आणि न झालेल्या भाषणात त्यांनी आंतरजातीय विवाह हाच खरा उपाय असल्याचं मांडलं. पण ते तिथेच थांबले नाहीत. लोक असे विवाह का करत नाहीत, तर शास्त्रांनी त्यांच्या मनात ते पाप म्हणून बसवलंय म्हणून. तेव्हा शास्त्रांचं पावित्र्य मोडा, असं त्यांनी सांगितलं. आपल्यातले बरेच जण या विचाराचा पहिला अर्धा भाग पाठ म्हणतात आणि दुसरा विसरतात.

आज आंतरजातीय विवाहाला कायद्याची आडकाठी नाही. १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे, १९५५ चा हिंदू विवाह कायदा आहे. तरीही २०११-१२ च्या भारत मानव विकास सर्वेक्षणात जातीबाहेर लग्न केलेल्यांचं प्रमाण निघालं सुमारे ५ टक्के. शंभरातल्या पंच्याण्णव जणांना पोलिसांनी अडवलं नव्हतं. त्यांची, किंवा त्यांच्या आईवडिलांची, 'आवड'च तशी होती.

म्हणून ॲपवर कुणी "इट्स जस्ट माय प्रेफरन्स" म्हणालं की आम्ही कान टवकारतो. आवड आकाशातून पडत नाही. ती शाळेत कोण कुणाशेजारी बसलं, सोसायटीत कुणाला घर मिळालं, सिनेमात प्रेम करणारी माणसं कुठल्या आडनावाची होती, यातून घडते. कुणावर प्रेम करा अशी सक्ती आम्हाला करायची नाही, तशी कुणालाच करता येणार नाही. पण हजारो 'वैयक्तिक' नकार एकाच दिशेने पडत असतील, तर तो समाजाचा नकार आहे, आणि त्यावर बोलण्याचा आपल्याला अधिकार आहे.

रकाना नसला तरी जात असते

टिंडर २०१२ मध्ये आलं. बंबल भारतात आलं २०१८ च्या डिसेंबरमध्ये. ओकेक्युपिड तर २००४ पासून आहे. या ॲपवर जातीचा रकाना नाही, बहुतेक ठिकाणी फक्त पहिलं नाव दिसतं. विवाह जुळवणाऱ्या साइटपेक्षा ही गोष्ट निश्चित बरी. पुरोगामी मित्र त्यावरच खूष असतात. पण गप्पा तिसऱ्या-चौथ्या दिवसावर आल्या की काय होतं, हे आपल्या पोरांना विचारा. "पूर्ण नाव काय?" "मूळ गाव कुठलं?" "जाधव म्हणजे कुठले जाधव?" "घरी गणपती बसवता ना?" "नॉनव्हेजमध्ये काय काय खाता?" "इंजिनिअरिंगला किती मार्क होते?" यातल्या एकाही प्रश्नात जात हा शब्द नाही. भाड्याने घर शोधायला गेलेल्या प्रत्येकाला ही प्रश्नपत्रिका पाठ आहे. घरमालक विचारायचा, आता मॅच विचारतो.

उत्तर मिळालं की पुढे दोनच गोष्टी होतात. एकतर संभाषण गुपचूप बंद पडतं, म्हणजे 'घोस्टिंग'. किंवा अचानक सलगी वाढते. ही दुसरी गोष्ट आपल्या मुलींच्या वाट्याला जास्त येते. दलित मुलगी आहे म्हटल्यावर काही जणांना ती 'फॉरवर्ड' आणि 'इझी' वाटायला लागते. फिरायला ती चालते, हॉटेलवर चालते, घरी न्यायची वेळ आली की "आई ऐकणार नाही." गावातल्या पाटलाच्या पोराची नजर आणि शहरातल्या बायोमध्ये 'लिबरल' लिहिणाऱ्याची नजर यात फरक इंग्रजीचा आहे.

आणि ॲपच्या यंत्रणेचं काय? कुणाला कुणाचं प्रोफाइल दाखवायचं हे कंपनीचा अल्गोरिदम ठरवतो. टिंडरने एकेकाळी बुद्धिबळातल्या एलो गुणांसारखी पद्धत वापरली होती. २०१९ मध्ये आता त्यावर अवलंबून नसल्याचं सांगितलं. ढोबळ तत्त्व सोपं होतं. ज्याला जास्त लोक पसंत करतात त्याचा क्रमांक वर, ज्याला डावलतात त्याचा खाली, आणि साधारण सारख्या क्रमांकाची माणसं एकमेकांसमोर. आता विचार करा. या देशात लोक कुणाला पसंत करतात? गोरा रंग, इंग्रजी बायो, परदेशातला फोटो, महागडा कॅफे. ओकेक्युपिडने स्वतःच आपली आकडेवारी प्रसिद्ध केली तेव्हा अमेरिकेत काळ्या स्त्रिया आणि आशियाई पुरुष यांना कमी प्रतिसाद मिळतो हे दिसलं होतं. तिथे वंश जे करतो ते इथे जात करते, आणि तिला वेगळ्या रकान्याची गरज पडत नाही. समाजाची उतरंड गुणांमध्ये बदलून आपल्या मोबाइलवर येते, आणि आपल्या पोराला वाटतं, दोष आपल्या चेहऱ्यात आहे. त्याला आम्ही सांगतो, दोष तुझ्या चेहऱ्यात नाही.

'फुकट' म्हणजे किती रुपये?

आपली बहुसंख्य मुलं फुकटचंच ॲप वापरतात, आणि तेच बरोबर आहे. पण फुकटचा धंदा कसा चालतो हे समजून घ्या. टिंडर, ओकेक्युपिड, हिंज ही तीन दुकानं वेगळी वाटतात. तिन्हींचा मालक एकच, मॅच ग्रुप ही अमेरिकन कंपनी. फुकटात प्रोफाइल बनवता येतं, ठरावीक संख्येत लाइक देता येतात, दोघांनी एकमेकांना पसंत केलं की बोलता येतं. कुणी तुम्हाला लाइक केलंय ते बघायचं असेल, प्रोफाइल पुढे ढकलायचं असेल, तर पैसे. म्हणजे आधी एकटेपणा दाखवायचा, मग त्यावरचं औषध विकायचं. आणि औषधाचा दर सगळ्यांना सारखा असतोच असं नाही. तिशीच्या वरच्या ग्राहकांकडून टिंडर जास्त पैसे घेतं म्हणून कॅलिफोर्नियात खटला झाला आणि २०१८ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने तो भेदभावाचा दावा ग्राह्य धरला.

दुसरी किंमत तुमच्या माहितीची. तुम्ही कुठे राहता, कधी जागे असता, कुणाकडे आकर्षित होता ही माहिती म्हणजे माल आहे. वापरकर्त्यांची माहिती जाहिरातवाल्यांना नीट संमती न घेता पुरवली म्हणून नॉर्वेच्या माहिती संरक्षण प्राधिकरणाने २०२१ मध्ये ग्राइंडरला साडेसहा कोटी क्रोनरचा दंड केला. युरोपात दंड झाला. आपल्याकडे डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये मंजूर झाला, पण गावात लैंगिक ओळख उघड झालेल्या मुलाला त्या कायद्याचं कलम वाचवायला येणार नाही. ३७७ कलमाचा जाच ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने संपवला. भेटायला बोलावून, व्हिडिओ काढून, "घरी सांगू" म्हणत पैसे उकळणाऱ्या टोळ्या संपल्या नाहीत. दलित समलिंगी मुलगा तर दोन्हीकडून अडकतो. तिथेही जात विचारली जाते, आणि वस्तीत तर बोलायचीच सोय नसते. या मुलांना चळवळीने आपलं म्हणायला हवं.

तेव्हा आमचं स्पष्ट मत : प्रीमियमला एक रुपयाही देऊ नका. पहिल्या पगारातला, शिष्यवृत्तीतला, क्लासच्या फीमधला पैसा 'बूस्ट'वर घालवायचा नाही. ज्या समाजाने तुमची किंमत कमी लावली, त्याच समाजात रांगेत पुढे उभं राहण्यासाठी पैसे मोजणं ही कसली मुक्ती?

निवडायचं कसं?

आमचे निकष पाच आहेत.

एक. जो ॲप किंवा साइट नोंदणी करतानाच जात, पोटजात, गोत्र विचारते, तिथे जाऊ नका. "जात महत्त्वाची नाही" अशी एक खूण करायची सोय असते, असं सांगितलं जाईल. पण बाकीचे लोक तुम्हाला जातीने गाळू शकतात ना? मग ती खूण म्हणजे मंदिराबाहेर उभं राहून सर्वधर्मसमभाव पाळण्यासारखं झालं.

दोन. पहिलं नावच दिसेल, आडनाव दाखवायचं की नाही हे तुमच्या हातात राहील, असं ॲप घ्या. मोबाइल नंबर समोरच्याला आपोआप दिसत असेल तर लगेच काढून टाका.

तीन. फुकटात बोलता येतं का ते आधी बघा. काही साइट नोंदणी फुकट ठेवतात आणि पहिला निरोप वाचायलाच पैसे मागतात. ते फुकट नव्हे, गळाला लावलेलं आमिष आहे.

चार. फोटोची पडताळणी, ब्लॉक आणि तक्रार या तिन्ही सोयी सापडायला सोप्या आहेत का? तक्रारीच्या यादीत काय काय आहे तेही वाचा. वंश, धर्म, लैंगिकता यांच्या जोडीला 'जातीवरून अपमान' हा पर्याय नसेल तर त्या कंपनीला लिहा. एकाने नाही, शंभर जणांनी लिहा. रंगाचा फिल्टर एका याचिकेने जातो, तर जातीचा अपमान तक्रारीच्या यादीत का येऊ नये?

पाच. मुलींनी असं ॲप निवडावं जिथे संवादाची सुरुवात त्यांच्या हातात राहते. बंबल याच कल्पनेवर उभं राहिलं. ही सोय पुरेशी नाही, पण शंभर अनोळखी पुरुषांच्या "हाय डिअर"पेक्षा बरी.

जात कधी सांगायची?

यावर आपल्यात वाद आहे. एक बाजू म्हणते, जात सांगणं म्हणजे जातीला मान्यता देणं. आपण माणूस म्हणून भेटावं. आम्ही या बाजूचा आदर करतो, पण तिच्याशी सहमत नाही. जात लपवून मिळालेलं प्रेम हे आडनाव लपवून मिळालेल्या खोलीसारखं असतं. रोज दाराची कडी वाजली की धडकी भरते. आणि लपवण्यात एक कबुली असते, की लाज वाटण्यासारखं काहीतरी आपल्याकडे आहे. लाज त्यांना वाटायला हवी, ज्यांनी विचारलं.

म्हणून आमचं म्हणणं, भावना गुंतायच्या आधी, आणि शरीराचा प्रश्न यायच्या तर फारच आधी, सांगून टाका. बायोमध्ये 'जय भीम' लिहिता येत असेल तर लिहा. चैत्यभूमीचा, दीक्षाभूमीचा फोटो असेल तर लावा. मॅच कमी होतील. होऊ द्या. जे गळतील ते पुढे सहा महिन्यांनी, जास्त दुखवून गळणारच होते. त्यांनी आपल्याला गाळण्याऐवजी आपण त्यांना गाळलं, एवढाच हा हिशेब आहे. पण लहान गावात, तालुक्याच्या ठिकाणी, विशेषतः मुलींनी, असं उघड लिहिणं धोक्याचं असेल तर आम्ही कुणावर शौर्याची सक्ती करणार नाही. तिथे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चॅटमध्ये लिहून सांगा. लिहूनच सांगा. याला व्यवहाराचंही कारण आहे. ॲट्रॉसिटी कायद्यात २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर काही कलमांमध्ये आरोपीला पीडितेची जात माहीत होती, हा मुद्दा महत्त्वाचा आहे. अनुसूचित जाती-जमातीच्या स्त्रीला तिच्या संमतीविना लैंगिक हेतूने स्पर्श करणं हा त्या कायद्याखाली स्वतंत्र गुन्हा आहे. चॅटमधली तुमची एक ओळ उद्या पुरावा ठरू शकते. चॅट पुसू नका, स्क्रीनशॉट विश्वासातल्या माणसाकडे ठेवा.

आणि सांगून झालं की उलट प्रश्न विचारा. "तुला जातीने फरक पडतो का?" हा प्रश्न निरुपयोगी आहे, त्याला कुणीही "छे छे" म्हणेल. विचारा, "तुझ्या घरात आजपर्यंत कुणी जातीबाहेर लग्न केलंय का? केलं तर त्यांच्याशी येणंजाणं आहे का? तू घरी माझं पूर्ण नाव सांगशील का, आणि कधी?" जो माणूस घरी तुमचं आडनाव सांगायला घाबरतो, तो उद्या तुमच्यासाठी घरच्यांसमोर उभा राहील हा भ्रम ठेवू नका. शास्त्रांचं पावित्र्य मोडा, याचा २०२० च्या दशकातला अर्थ एवढाच आहे, की समोरच्याने आपल्या आईच्या 'नाही'ला ब्रह्मवाक्य मानणं सोडलंय का, हे वेळेत तपासा.

भेटताना

काही गोष्टी रुक्ष आहेत, तरी सांगतो. पहिली भेट दिवसा, गर्दीच्या ठिकाणी, आणि ठिकाण तुम्ही निवडा. समोरच्याने ठरावीक पबचाच हट्ट धरला तर जाऊ नका. मुलाला तिथे नेऊन हजारोंचं बिल हातात देणाऱ्या टोळ्या मोठ्या शहरांत पकडल्या गेल्या आहेत. कुठे जाताय ते एका मित्राला किंवा मैत्रिणीला सांगा, लाइव्ह लोकेशन द्या. न भेटलेल्या माणसाला पैसे पाठवायचे नाहीत, कितीही रडला तरी. अनोळखी व्हिडिओ कॉलवर कपडे काढायला सांगणारी व्यक्ती रेकॉर्डिंग करतेय असंच समजा. फसवणूक झाली, पैसे गेले, तर १९३० या क्रमांकावर लगेच फोन करा. जितका उशीर तितके पैसे हाताबाहेर. धमकी आली तर एक रुपयाही देऊ नका, पहिल्या हप्त्यानंतर दुसरा मागतातच. आणि वय तपासा. समोरची व्यक्ती अठराच्या खाली असेल तर तिची संमती कायदा मानत नाही. मुलीच्या घरच्यांना तुमची जात नको असेल, तर पोक्सोची तक्रार हे त्यांचं पहिलं हत्यार असतं.

आता आपल्या घरात डोकावू

इथपर्यंत वाचून माना डोलावणाऱ्यांसाठी हा भाग आहे. बौद्ध वधू-वर मेळाव्यातले बायोडाटा काढून बघा. 'गोरी, उंच, सरकारी नोकरी असलेली.' 'फक्त बौद्ध.' आणि त्या 'फक्त बौद्ध'चा अर्थ काय, तर पूर्वाश्रमीचे महारच. मातंग कुटुंबाने धम्म स्वीकारला तर त्यांच्या मुलीला मागणी जाते का? चर्मकार, वाल्मीकी समाजाकडे आपण सोयरीक म्हणून बघतो का? विचार जुळावा म्हणून आंबेडकरी जोडीदार शोधणं वेगळं, आणि जन्म जुळावा म्हणून शोधणं वेगळं. पहिल्याला आमचा पाठिंबा आहे. दुसरं म्हणजे निळ्या झेंड्याखालची जातच. १९५६ च्या नागपूरच्या बावीस प्रतिज्ञांमध्ये सर्व माणसं समान मानण्याची आणि समता प्रस्थापित करण्याची प्रतिज्ञा आहे. तिला पोटजातीची सूट नाही.

दुसरी गोष्ट आपल्या मुलांसाठी. सवर्ण मुलगी 'पटवणं' म्हणजे क्रांती, अशी भाषा आम्ही मित्रांच्या कट्ट्यावर ऐकतो. ही भाषा मनूची आहे. त्यात मुलगी म्हणजे शत्रूच्या गडावरचा झेंडा. ज्यांनी हिंदू कोड बिलासाठी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडलं, त्यांचं नाव घेऊन स्त्रीला जिंकायची वस्तू म्हणणं शोभत नाही. तिने 'नाही' म्हटलं तर विषय संपला. जातीमुळे नाही म्हटलं असेल तर राग येणं रास्त आहे, पण तिचे फोटो ग्रुपवर फिरवणं, तिचा पाठलाग करणं हा गुन्हा आहे, आणि असा गुन्हा करणाऱ्याला आम्ही आपला म्हणणार नाही. आणि आपल्याच समाजातल्या शिकलेल्या, सावळ्या, ठाम बोलणाऱ्या मुलीला 'जास्तच शहाणी' म्हणून डावे स्वाइप करणाऱ्या मुलाने अल्गोरिदमला नावं ठेवू नयेत.

ज्येष्ठांना

"आधी चळवळ, मग प्रेम" म्हणणाऱ्या ज्येष्ठांना आमचा प्रश्न आहे. २५ डिसेंबर १८७३ रोजी सत्यशोधक पद्धतीचा पहिला विवाह लागला, तेव्हा जोतीरावांनी तो चळवळीच्या बाहेरचा विषय मानला होता का? शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात आंतरजातीय विवाहाला कायद्याची मान्यता दिली ती कशासाठी? १५ एप्रिल १९४८ रोजी बाबासाहेबांनी दिल्लीत सविताबाईंशी नोंदणी पद्धतीने विवाह केला, तेव्हा बाहेरच्यांनीही आणि आतल्यांनीही काय काय म्हटलं हे तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त माहीत आहे.

तुम्ही न बोलल्याने पोरं प्रेम करायची थांबत नाहीत. ती एकटी पडतात, एवढंच. आणि एकट्या पडलेल्या दलित पोराचं या राज्यात काय होतं ते आपण पाहिलंय. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात २०१३ च्या पहिल्याच दिवशी सोनईत तीन तरुण मारले गेले. २०१४ च्या एप्रिलमध्ये खर्ड्यात सतरा वर्षांचा शाळकरी मुलगा वरच्या जातीच्या मुलीशी बोलल्याच्या संशयावरून मारला गेला, आणि २०१७ मध्ये त्या खटल्यातले आरोपी निर्दोष सुटले. तमिळनाडूत उडुमलपेट, तेलंगणात मिर्यालगुडा. ॲप ओळख करून देतं. कोयता घेऊन आलेल्या भावासमोर ॲप उभं राहत नाही. तिथे संघटना उभी राहावी लागते.

म्हणून प्रत्येक तालुक्यातल्या आंबेडकरी संघटनेकडे आमची मागणी साधी आहे. एक वकील, दोन साक्षीदार, चार दिवस जोडप्याला ठेवता येईल असं एक घर, आणि मुलीशी बोलू शकेल अशी एक बाई, एवढी यादी तयार ठेवा. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या शक्ती वाहिनी निकालात प्रत्येक जिल्ह्यात विशेष कक्ष आणि चोवीस तासांची हेल्पलाइन असावी, असं सांगितलंय. तुमच्या जिल्ह्यात तो कक्ष कुठे बसतो, हे पोलीस अधीक्षकांना लेखी विचारा. विशेष विवाह कायद्याची तीस दिवसांची नोटीस कार्यालयाच्या भिंतीवर लागते आणि मारेकऱ्यांना पत्ता देते, हे तरुणांना आधीच सांगा. हिंदू विवाह कायदा बौद्धांनाही लागू असल्याने बौद्ध-हिंदू जोडप्याला दुसरी वाट असते, हेही सांगा. डिसेंबर २०२२ मध्ये राज्य सरकारने आंतरजातीय आणि आंतरधर्मीय विवाहांवर समिती नेमायचा निर्णय काढला होता. ओरड झाल्यावर त्यातून 'आंतरजातीय' शब्द वगळला, आंतरधर्मीय तसाच ठेवला. एका हाताने आंतरजातीय जोडप्याला ५० हजारांचं अनुदान द्यायचं आणि दुसऱ्या हाताने त्यांच्या घरच्यांना मध्ये आणायचं, अशा सरकारवर भरवसा ठेवून आपली पोरं सोडून देता येणार नाहीत.

तर मित्रांनो आणि मैत्रिणींनो, ॲप वापरा. फुकटचंच वापरा. नाव, विचार, 'जय भीम' सगळं ताठ मानेने लिहा, जिथे धोका आहे तिथे सावधपणे लिहा. नकार आला तर तो झेला, नकार दिला तर सभ्यपणे द्या, आणि देण्याआधी स्वतःला विचारा की हा नकार माणसाला आहे की आडनावाला. कुणी मनापासून भेटलं, तर ते लपवत बसू नका. जवळच्या शाखेत, विहारात, अभ्यासिकेत कुणाला तरी सांगून ठेवा. आणि ज्यांना तुम्ही सांगाल, त्यांनी आधी उपदेश करू नये. आधी वकिलाचा नंबर द्यावा.

जय भीम!